फळीवरचा चौथा खिळा

खोटं बोलले असते तर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. मी खरं बोलले, सतरा वर्षं बोलत आले, आणि त्या घरात एकानंही मानलं नाही. चार इयत्ता शिकलेली बाई मी, सजवून सांगता येत नाही. झालं तसं लिहिते.

बंगला विकायला काढला होता. तीन पिढ्यांचा, समोरून बघाल तर अर्धा पाण्यातच उभा. त्या दुपारी थोरले मालक आणि दलाल एका जोडप्याला तो दाखवायला आणणार होते. सकाळपासून मी काचांवर साचलेलं मीठ पुसलं, खुर्च्यांवरच्या चादरी काढल्या, आणि शेवटी खाली पाण्याकडच्या दाराशी गेले. तिथे भर दुपारीही अंधार. ओल्या दगडाचा नि शेवाळाचा वास एकदा नाकात बसला की जेवतानाही जात नाही.

दाराशेजारी भिंतीवर एक फळी, फळीला चार खिळे. बाई, त्यांचे दोन मुलगे नि धाकटी लेक, घरातल्या प्रत्येकाचा नाव कोरलेला एकेक लाकडी बिल्ला. होडीतून जाणाऱ्यानं आपला बिल्ला खिशात घालायचा, परतला की खिळ्याला लावायचा. चारही बिल्ले दिसले की मी कडी घालायची. आम्हा कामाच्या माणसांना बिल्ला नव्हता.

सतरा वर्षांपूर्वी, संध्याकाळी, धाकटीचा बिल्ला मला वरच्या पायरीवर सापडला. एकोणीस वर्षांची पोर, घरातलं शेंडेफळ, वस्तू सांडत चालायची. वाटलं, आत आली असेल, नेहमीसारखा पाडला असेल. मी तो खिळ्याला लावला. फळी भरली. कडी घातली.

तिनं तो जाताना पाडला होता.

वर पाहुणे, गाणंबजावणं; खाली कुणी दार ठोकलं तर ऐकू येणार नाही असं. माझा नवरा त्या घरचा नावाडी. त्यानं तिला रात्री परत आणून पायऱ्यांवर उतरवलं आणि भरती चढायच्या आत होडी बांधायला पलीकडे नेली. दार उघडंच असणार असं त्यानं धरलं, ती बाहेर असताना कधी लागलंच नव्हतं. पाणी चढत गेलं. दोन्ही बाजूंना गुळगुळीत भिंत. सकाळी ती पाण्यात सापडली तेव्हा उजव्या हाताची बोटं सोललेली होती.

नावाड्यानं पोरीला वाऱ्यावर सोडलं, असं ठरलं. दोन दिवस माझी जीभ उचलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईसमोर, बाईंसमोर, बसून सगळं ओकले. बाई म्हणाल्या, "नवऱ्यासाठी स्वतःवर घेतेस? बिल्ला ती खिळ्यालाच विसरून गेली होती. तुझा काय दोष? तू राहा कामाला." आणि धाकटीचा बिल्ला त्यांनी पाण्यात भिरकावला.

नवऱ्याला पुन्हा कुणी वल्ह्याला हात लावू दिला नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचा. "कडी तू घातलीस ना? मग सांग की त्यांना." सांगतच होते. तो तसाच गेला. मागोमाग बाईही गेल्या.

आता बंगला गेला की माणसं पांगणार. नवऱ्यावरचा डाग पुसायला एवढाच दिवस उरला होता. थोरले आले तसं मी त्यांना दारातच अडवलं.

"मालक, सह्या करायच्या आधी एकदा ऐका. बिल्ला मीच लावला होता, कडी मीच घातली होती."

"पुन्हा तेच? निदान पाहुण्यांसमोर नको."

दलाल हसला. "अहो, भुताटकी लावून भाव पाडताय का आमचा?"

"तुमचा भाव घाला चुलीत."

सगळे खाली उतरले. गिऱ्हाईक बाई फळीपाशी थांबल्या. तेवढ्यात पाण्याकडचं दार बाहेरून वाजलं. तीन टकटक... थांबून पुन्हा तीन.

"ओंडका असेल," दलाल म्हणाला. "भरतीला येऊन लागतात."

"ओंडका मोजून वाजवतो होय?"

थोरल्यांचं तोंड पांढरं पडलं. धाकटी अशीच वाजवायची.

मी कडी काढली. पायऱ्या रिकाम्या. पाणी अजून सहा पायऱ्या खाली होतं. दार मात्र बाहेरून माझ्या गळ्यापर्यंत ओलं...

"किती छान पद्धत," मागून गिऱ्हाईक बाई वाचत होत्या. "थोरला... मधला... बाई... आणि हा चौथा असा गळतोय का?"

सकाळी मीच फळी पुसली होती. तीन बिल्ले होते, चौथा खिळा मोकळा.

थोरल्यांनी तो चौथा बिल्ला हातात घेतला. खिळ्यानं ओरखडून काढलेली अक्षरं. पाण्याचे थेंब त्यांच्या बुटांवर पडत राहिले.

"अक्षर तिचं आहे," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं, की मला कळलं, यांनी मानलं. मी दाराला टेकले. पाठ भिजली.

त्या घरात सगळे मला "अगं" म्हणत. धाकटी तेवढी नात्यानं हाक मारायची.

"वाचा ना, मालक," मी म्हटलं. "मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं.

"मावशी."