मेलेल्या भावाची जन्मतारीख

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. चौऱ्याण्णवचा नोव्हेंबर होता. भाईंदरच्या केबिन रोडवरची बँक, आणि भर दुपार.

हरिश्चंद्र पाटकर हे बेव्हर्ली पार्कमधले माझे शेजारी. सरकारी कचेरीत पेन्शनचं टेबल सांभाळायचे. कुणी म्हातारा समोर आला की विचारायचे, "अजून आहात का?" आणि स्वतःच हसायचे.

असला माणूस!

मग त्यांचीही अठ्ठावन्न भरली.

निरोपाच्या सभेत, गळ्यात हार असतानाच, गडी ओरडला, "मी छप्पन्न वर्षांचाच आहे! मी घरचा धाकू. हरिश्चंद्र माझा मोठा भाऊ, तो लहानपणीच वारला. मला शाळेत लवकर घ्यावं म्हणून वडिलांनी त्याचं नाव आणि त्याची तारीख मला लावली. रिटायर करायचं तर त्याला करा!"

लोक हसले.

हसतील नाहीतर काय? नोकरी लागताना मेलेला भाऊ चालला. पस्तीस वर्षं त्याच्या नावावर पगार खाल्ला. घरी बसायची वेळ आली तेव्हा बरा आठवला! आणि सरकारही तसलंच. काल ज्याच्या सहीवाचून पान हलत नव्हतं, त्याला आज शिपाई पाणी विचारत नाही.

रडगाणं कुणी ऐकलं नाही. पेन्शन सुरू झाली.

पेन्शनरने नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. नाहीतर पेन्शन बंद. हरिश्चंद्र रांग मोडून थेट काउंटरवर गेले.

यतीन नावाच्या क्लार्कने वर पाहिलं...

"काका, काही विसरलात काय?"

"विसरतोय कसला? आत्ता तर येतोय."

"मस्करी करताय काय? आत्ताच इथे बसून गेलात ना. मी बोललो, घाई आहे का? तुम्ही बोललात, आता कसली घाई, मी रिटायर झालो."

"तो मी नव्हतो!"

"मग कोण होता? चेहरा फोटोशी जुळला. जन्मतारीख तोंडपाठ सांगितली. बरं, तुम्ही सांगा तुमची तारीख."

हरिश्चंद्रांनी तोंड उघडलं...

तारीख आठवेना.

जन्मभर जी खरडली, तीच आठवेना. आणि स्वतःची तर कुणी कधी नोंदवलीच नव्हती.

ते रिक्षाने घरी पळाले. एरवी गजबजलेला जिना एकदम शांत होता. बंद दारामागून एकच आवाज येत होता...

पेपरची पानं उलटल्याचा.

बायकोने, अनसूयाबाईंनी, दार उघडलं. त्यांना पाहून डोक्यावर पदर घेतला. नवऱ्यासमोर त्यांनी तो कधीच घेतला नव्हता.

"या ना भावोजी." मग आत वळून त्या म्हणाल्या, "अहो, धाकू भावोजी आलेत."

आत कुणीतरी खाकरलं...

हरिश्चंद्र उंबऱ्यावरूनच फिरले. सध्या काशीगावात खोली घेऊन राहतात. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, रडत रडत. मला दया आली नाही.

पेन्शन चालू आहे. दर महिन्याला कुणीतरी जाऊन घेतं. अनसूयाबाई म्हणतात, "रिटायर झाल्यापासून यांचा स्वभाव किती निवळला!"

खरंच निवळलाय. जिन्यात भेटले की ते थांबतात, माझ्या आईची चौकशी करतात, तिची पिशवी वर आणून देतात.

खरं सांगू? हे शेजारी मला जास्त आवडतात...

त्याचीच भीती वाटते.