खानदेशात एकच

जळगावच्या मंगल कार्यालयाच्या पायऱ्या उतरून रूपल बाहेर आली आणि आपली गाडी पाहून जागीच थांबली. सकाळी जी पिवळीधमक, बुटकी, दोनच आसनांची गाडी तिने कडुनिंबाच्या सावलीत उभी केली होती, तिच्या टपावर आता गुलाब-निशिगंधाची जाळी होती, आरशांना गोंडे होते आणि मागच्या काचेवर थर्माकोलच्या अक्षरांत दोन नावे झळकत होती – मनन आणि चेलना.

चेलना ही तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि आजची नवरी. तथापि नवरानवरीला धुळ्यास नेण्यासाठी आपली गाडी देण्याचे रूपलने कुणालाही कबूल केलेले नव्हते. ती गाडी ती सख्ख्या भावालासुद्धा देत नसे.

हार बांधून मोकळा झालेला फुलवाला सुकदेव तिच्याकडे अभिमानाने पाहत होता. तिचा चेहरा पाहून त्याचा अभिमान ओसरला.

"ताई, काही चुकनं का?"

"चुकलं काहीच नाही," मागून एक शांत आवाज आला. "सजावट उत्तम आहे. फक्त गाडी दुसरीच आहे."

रूपल वळली. फाटकापाशी तिच्याच गाडीची जुळी बहीण उभी होती. तोच पिवळा रंग, तेच जमिनीला टेकलेले नाकाड, अंगावर मात्र एक पाकळीही नाही. तिच्या दाराशी किल्ली फिरवीत एक उंच तरुण उभा होता. तो रोनक, नवरदेवाचा धुळ्याचा चुलतभाऊ. सजवायची होती ती त्याची गाडी.

"पिवळी गाडी सजाडानी, आसं सांगेल व्हतं," सुकदेव कळवळून म्हणाला. "आशी गाडी खान्देसमा एकच शे, बठ्ठा तेच सांगतस. मंग ही दुसरी कोठेन उनी?"

"एकच आहे," रूपल म्हणाली.

"एकच आहे," त्याच क्षणी रोनकही म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. नाशिकच्या विक्रेत्याने दोघांनाही हेच वाक्य, बहुधा त्याच गंभीर चेहऱ्याने ऐकवले होते. रोनकला हसू फुटले. रूपलने ओठ आवळून धरले खरे... पण डोळ्यांनी दगा दिला.

इतक्यात आतून ज्येष्ठांची हाकाटी सुरू झाली. जैनांचे घर, त्यातून चौविहार पाळणारे. सूर्य मावळल्यानंतर तोंडात घास जाणार नाही. म्हणून वरात दिवस असतानाच धुळ्यात पोहोचायला हवी होती. हार उतरवून पुन्हा चढवण्याइतका अवधी कुणापाशीच नव्हता.

"एक विनंती करू का?" रोनक म्हणाला. "तुमच्या गाडीतून मनन-चेलनाला जाऊ द्या. नाहीतर माझी आई नवरीला पहिल्याच दिवशी उपाशी निजवील."

"मी माझी किल्ली कुणाला देत नाही."

"मीही देत नाही. आज भावापुरताच अपवाद होता." त्याने आपली किल्ली तिच्यापुढे धरली. "ही तारण ठेवा. उद्या पारोळ्याला अदलाबदल करू."

त्या तळहाताकडे तिने क्षणभर पाहिले. तळहात स्वच्छ होता, पण बोटांच्या पेरांवर लालसर छटा होती... तिने किल्ली उचलली.

त्याच्या गाडीत बसताच ती शिंकली, आणि मग शिंकतच राहिली. आसनाच्या शिवणीशिवणीत सुक्या मिरचीचा ठसका भरलेला होता. आसन इतके मागे सरकवलेले की तिचे पाय पोहोचेनात. ते पुढे ओढताना तिला उगाच संकोचल्यासारखे झाले. परक्या माणसाच्या गाडीत बसणे म्हणजे त्याच्या खोलीत न विचारता शिरणेच. तिथे सुगंधी कुपी नव्हती, आरशाला लोंबणारे काही नव्हते. समोरच्या कप्प्यात एक घडी घातलेला रुमाल आणि बडीशेपेची पुडी तेवढी होती. पुडी तिने उघडली नाही, पण सबंध रस्ताभर तिला तिची आठवण राहिली.

दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या टपरीवर तो आधीच येऊन बसलेला होता.

"तुमच्या गाडीत डाळीची पूड आहे," त्याने चहा सांगता सांगता सुनावले. "मननच्या शेरवानीवर पिवळा थर बसला."

"मी डाळ मिल चालवते. आणि तुमच्या गाडीमुळे माझे वडील सकाळपासून शिंकतायत. त्यांना वाटलं, इंजिनातच काही बिघाड झाला."

"आमचा मिरचीचा व्यापार. शिंदखेड्याकडची मिरची. म्हणजे डाळही झाली, मिरचीही झाली. फोडणी कोण देणार?"

"चहा थंड होतोय," रूपल म्हणाली. पण चहा संपवायची घाई तिनेही केली नाही.

त्यानंतर रोनकला जळगावात वरचेवर काम निघू लागले. कधी बारदान हवे असे, कधी वजनकाट्याची दुरुस्ती. रूपललाही धुळ्याकडच्या तूर उत्पादकांची एकाएकी काळजी वाटू लागली. थंडीचे दिवस होते. कापसाच्या गाड्यांमधून उडालेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेले असत. त्या पांढऱ्या फांद्यांखालून दोन पिवळ्या गाड्या समोरासमोर आल्या की दिव्यांची उघडझाप होई; मग पारोळ्याची टपरी. कुठला गतिरोधक तिरका घ्यायचा, कुठे गाडीचे पोट घासते, यावर दोघे ज्या जिव्हाळ्याने बोलत, त्या जिव्हाळ्याने लोक लेकराबाळांविषयी बोलतात.

एके दिवशी बातमी आली. गाडी बनवणाऱ्या परदेशी कंपनीने हिंदुस्थानातला कारभार आवरता घेतला होता. गिऱ्हाईकच मिळाले नाही. उरलेल्या गाड्या अखेरीस मोठ्या सवलतीत काढून टाकल्या होत्या आणि नाशिकची दुरुस्तीशाळा बंद झाली होती.

रूपलच्या घरी या बातमीचा समाचार तिच्या वडिलांच्या बहिणीने, पुष्पाबाई भुआने घेतला.

"खानदेशात एकच, खानदेशात एकच म्हणून मिरवत होतीस," पापड लाटता लाटता ती म्हणाली. "आता कळलं ना? कुणी घेतलीच नाही, म्हणून एकच. तुझंही तेच चाललंय. आलेली स्थळं परतवत बस. शेवटी सवलतीत द्यायची वेळ येईल."

भुआ तोंडाने फटकळ होती, मनाने वाईट नव्हती. म्हणूनच ते बोलणे रूपलच्या जिव्हारी लागले. आजवरच्या प्रत्येक स्थळाने मिलवरून तिचे हात काढून घेऊ पाहिले होते. ती नकार देत गेली आणि त्या नकारांना आपले मोल समजत गेली. आता प्रथमच तिच्या मनात आले... मी दुर्मिळ आहे, की केवळ न खपलेली?

त्याच आठवड्यात एरंडोलच्या अलीकडे एक रानडुक्कर आडवे आले. डुक्कर पळाले, रूपलही सुखरूप राहिली, पण गाडीचा डावा दिवा चक्काचूर झाला. मुंबई-पुण्याला विचारून झाले. दिवा कुठेच नव्हता आणि यापुढे येणारही नव्हता.

रात्रीच्या प्रवासाला गाडी निकामी झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, लालचंदजींनी, तिला जवळ बसवले.

"बेटा, रविवारी नाशिकची मंडळी येतायत. घर चांगलं आहे, मुलगा शिकलेला आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, मिल भावाकडे सोपवावी आणि ही गाडी विकून टाकावी. एकाक्ष गाडी ठेवून तरी काय करणार?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी जबरदस्ती करणार नाही. पण या वेळी उत्तर विचार करून दे."

रूपलने विचार करण्याचे कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पारोळ्याला निघाली.

समोरून पिवळी गाडी आली. तिने दोन्ही दिव्यांची उघडझाप केली. सवयीने रूपलनेही कळ दाबली.

"भर रस्त्यात तुम्ही मला डोळा मारलात," टपरीवर उतरताच रोनक म्हणाला. मग त्याने फुटलेला दिवा पाहिला आणि त्याचे हसू विरले. "तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही. दिवा तेवढा गेला. आता सूर्य मावळायच्या आत घरी परतायचं, एवढंच."

"म्हणजे गाडीने चौविहार घेतला." तिला हसवण्यासाठी तो म्हणाला खरा, पण ती हसली नाही. तेव्हा त्याने आवाज उतरवला. "माझ्या गाडीचा डावा दिवा काढून देतो. आजच."

"आणि तुमची गाडी?"

"तीही चौविहार पाळील. घरात आईच्या शिस्तीत बसेल ते बरंच."

"मला दान नको," रूपल म्हणाली. कपावरचे बोट तिने गोल फिरवले. मग एकदम विचारले, "खरं सांगा... एखादी गोष्ट दुर्मिळ आहे आणि एखादी कुणाला नकोच आहे, यातला फरक ओळखायचा कसा?"

प्रश्न गाडीविषयी नव्हता. रोनकला ते समजले असावे.

"मी ही गाडी घ्यायला गेलो," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा तो विक्रेताच मला परतवत होता. म्हणे, हिला पुढे किंमत येणार नाही, सगळे घेतात ती घ्या. मी दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. बाकीच्यांनी काय घेतलं, ते माझ्या लक्षातही नाही. मला हीच हवी होती. दुसरी शोधायला मी गेलोच नव्हतो... आणि ती माझ्याच भावाच्या लग्नात, फुलांनी मढून समोर उभी राहिली."

रूपलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता तो पुढचे वाक्य बोलेल, असे तिला वाटले. तो बोलला ते भलतेच.

"रविवारी नाशिकची माणसं येतायत, असं चेलना सांगत होती. चांगली आहेत?"

"चांगली आहेत."

"मग..." त्याने चहाचा कप उगाचच सरळ केला. "तुम्ही इतकी स्थळं परतवलीत म्हणे. मिरचीवाल्याने रांगेत उभं राहायची हिंमत कशी करावी?"

तो उठला, पैसे देऊन गेला. रूपल बसून राहिली. सबंध खानदेशाने परतवलेली गाडी ज्याने हट्टाने घेतली, तो माणूस एका मुलीच्या नकाराला भ्याला होता. तिला राग आला. मग त्या रागाच्या तळाशी इतकी माया सापडली की ती स्वतःशीच हसली.

शनिवारी दुपारची जेवणे उरकताच ती वडिलांपुढे उभी राहिली.

"पप्पा, नाशिकच्यांना नको म्हणून कळवा. मिल सोडणार नाही, गाडी विकणार नाही. मी धुळ्याला चालले आहे, मिरचीच्या व्यापाऱ्याकडे."

लालचंदजींनी चष्मा काढला. गाडीतल्या त्या शिंका त्यांना आठवल्या असाव्यात.

"एका दिव्यावर जाणार?"

"अजून दिवस आहे, पप्पा."

"मग निघ," ते म्हणाले. "आणि गतिरोधक सांभाळ."

धुळ्याच्या पाच नंबरच्या गल्लीत ती गाडी शिरली, तेव्हा उन्हे कलली होती. गल्लीतली माणसे ओट्यांवर आली. दारात सायरबाई, रोनकच्या मातोश्री, वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करीत होत्या. त्यांनी गाडी पाहिली, फुटलेला दिवा पाहिला आणि उतरणाऱ्या मुलीला आपादमस्तक न्याहाळले.

"जय जिनेंद्र," रूपलने वाकून नमस्कार केला.

"जय जिनेंद्र. दिवा न्यायला आलीस? काढून ठेवलाय त्याने कालच. मी म्हटलं, अरे, निदान मुलीला विचार तरी."

आतून रोनक बाहेर आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला दिवा होता. रूपलला पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"दिवा न्यायला आलेली नाही," रूपल सायरबाईंना म्हणाली. तिची मान ताठ राहिली. "दिवा जिथे होता तिथे परत बसवायला सांगा. मी तुमच्या मुलाला मागणी घालायला आले आहे. मिल मी सोडणार नाही. रोज जळगावला जाईन आणि सूर्य मावळायच्या आत घरी येईन. ही गाडीच तशी आहे."

मिरचीच्या ढिगापाशी कुणीतरी शिंकले.

सायरबाई मुलाकडे वळल्या. "तू काय म्हणतोस रे? की दिवाच धरून उभा राहणार आहेस?"

"मी..." रोनकने फडक्यातला दिवा छातीशी घट्ट धरला. "आई, मी पहिल्या दिवशीच किल्ली देऊन बसलोय."

"माणसाने किल्ली देऊन गप्प बसायचं नसतं. तोंडाने सांगायचं असतं."

मग त्याने सांगितले. रूपलकडे पाहत, सबंध गल्लीसमोर, हलक्या पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मला हीच हवी आहे. दुसरी कुणी असती तरीही हीच."

सायरबाईंनी लाल झालेला हात पुढे केला. तो लेकाकडे नव्हता, रूपलकडे होता.

"किल्ली दे."

रूपलने न कळून किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. सायरबाईंनी ती आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली.

"ही माझ्याकडे तारण. जेव्हा वाजतगाजत येशील तेव्हा सुटेल. आता दोघं पाय धुवा आणि जेवायला बसा, सूर्य थांबणार नाही. रोनक, जेवण झालं की तो दिवा बसव आणि हिला तुझ्या गाडीतून घरी पोहोचव. लालचंदजींना माझा जय जिनेंद्र सांग. म्हणावं, उद्या आम्ही येतो."

अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. उंबरा ओलांडताना रूपलने मागे वळून पाहिले आणि तिला सुकदेव फुलवाल्याची आठवण झाली. या खेपेस कोणती सजवायची, म्हणून तो नक्की विचारणार.

"दोन्ही," तिच्या मनातले ओळखल्यासारखा रोनक हळूच म्हणाला.