आज बर्फ जड आहे

आमच्या तळ्याचा बर्फ माझ्याइतका कुणालाही कळत नाही. तीन वेळा आत पडलोय मी. त्यामुळे गावाला तो फक्त वरून ठाऊक आहे आणि मला खालूनसुद्धा. तिन्ही वेळा मला मानगूट धरून बाहेर ओढलं ते शेजारच्या ताउनो हेइकुरानं, आणि तिन्ही वेळा दात वाजत असताना मी त्याला हेच सांगितलं, की मुद्दाम पडलो होतो, तू जागा आहेस का ते बघायला.

गावात माझ्या एका अक्षरावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात गावाची काही चूक नाही. हेलसिंकीहून आलेल्या एका जावईबापूंना मी सांगितलं होतं, की बर्फाच्या भोकात तोंड घालून 'सुप्रभात' म्हटल्याशिवाय मासे गळाला लागत नाहीत. बापू जेवणाच्या वेळेपर्यंत पालथे पडून होते. शाळेत मी चारच इयत्ता काढल्या. पाचवीच्या मास्तरांच्या टोपीत जिवंत बेडूक निघाला आणि माझं शिक्षण संपलं. तेव्हा आता जे लिहितोय त्यात शब्द चुकतील, पण चेष्टा नाही. दिवा हवा तर जवळ ओढून घ्या. वाचताना मला तो जवळच असावासा वाटतो.

तर ताउनो. चांगला दणकट गडी, आणि बोलायला महाकंजूष. एकतीस हिवाळे आम्ही दोघं बेटापलीकडे मासे धरायला गेलो. जाताना चार किलोमीटर, येताना चार. प्रत्येकाची आपापली घसरगाडी. तिच्यावर बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, पहार, बसायची लाकडी पेटी, ताडपत्री, कॉफीचा थर्मास, राय नावाच्या धान्याचा पाव, अंगाखाली घ्यायला रेनडिअरचं कातडं. सगळं मिळून तीस किलो, आणि परत येताना त्यात मासे. पट्टा छातीवर घ्यायचा आणि ओढायचं. सकाळी बर्फाचा पापुद्रा कडक असतो, गाडी कुत्र्यासारखी मागून पळत येते. दुपारी वरचं हिम ओलं होतं, आणि तीच गाडी रुसलेल्या बायकोसारखी ओढावी लागते. (मी लग्न केलेलं नाही. ऐकीव माहिती आहे.)

ताउनो नेहमी पुढं. हातातली पहार दर तीन पावलांवर बर्फावर आपटायची. ठक. आवाज भरीव आला की चालायचं, पोकळ आला की वळायचं. मी मागं, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

आणि दर हिवाळ्याच्या शेवटच्या फेरीला मी एक काम करायचो. काठावरचा एक धोंडा, चांगला कोबीच्या गड्ड्याएवढा, काळा आणि जड, ताउनोच्या गाडीत कातड्याखाली सरकवायचो. मग चार किलोमीटर मागून चालताना माझ्या पोटात हसू मावायचं नाही.

"काय रे, दमलास?" मी विचारायचो.

"आज बर्फ जड आहे," तो म्हणायचा.

"बर्फ जड, की तू म्हातारा?"

"बर्फ."

बस्स. कधी थांबून कातडं उचललं नाही, कधी शिवी दिली नाही. घरी गेल्यावर तो धोंडा सापडत असणारच. पण एकतीस वर्षांत चकार शब्द नाही. चेष्टा केली आणि समोरचा चिडलाच नाही, तर ती आपल्याच गळ्यात पडते. तरी मी दर वर्षी घालतच राहिलो.

गेल्या ऑक्टोबरात ताउनो गेला. लाकडं फोडता फोडता खाली बसला, आणि उठलाच नाही. त्याची बायको साइमी. माझी गाडी मोडली होती, तेव्हा डिसेंबरात तिनं मला त्याची दिली. म्हणाली, "घेऊन जा. गोठ्यात कुजण्यापेक्षा बरी. आणि निदान या गाडीत तू स्वतः तरी दगड घालणार नाहीस."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि निघालो.

ही गोष्ट या एप्रिलची. शेवटची फेरी. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, सकाळी बर्फ काचेसारखा वाजत होता. मी एकटाच निघालो. बेट आणि काठ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून गेलो. तिथं खालून प्रवाह असतो. पण पहार आपटली तर आवाज घंटेसारखा भरीव आला. बेटापलीकडे चांगले दहा किलो पट्टेरी मासे मिळाले. ऊन चढलं, मी कोट काढून बसलो, कॉफी प्यायलो, आणि जिथं ताउनोची पेटी असायची त्या रिकाम्या जागेला दोन विनोद सांगितले. ती जागासुद्धा हसली नाही.

तीनच्या सुमारास धुकं आलं. वसंतात येतं तसंच, ऊबदार हवेचं, हिमातूनच उगवल्यासारखं. चार पावलांपलीकडचं काही दिसेना. मी गाडी आवरली आणि सकाळच्या माझ्याच पावलांच्या मागावरून परत निघालो.

इथं मी ती चूक केली. आमच्यातला प्रत्येकजण ती एकदा तरी करतो, आणि पुष्कळजण एकदाच करतात. सकाळी ज्या वाटेनं गेलो ती दुपारीही आपलीच, असं धरून चाललो. पहार हातात घेतली नाही, गाडीत ठेवली. आपला माग डोळ्यांसमोर असताना आपटायचं कशाला?

अर्धा तास झाला असेल. गाडी जड वाटायला लागली.

ओलं हिम, मी म्हटलं. वय, मी म्हटलं, पण हळू, कुणी ऐकू नये म्हणून. पट्टा छातीत रुतायला लागला. धुक्यात कुठलाच आवाज नव्हता, फक्त मागं गाडीखालच्या घसरपट्ट्यांची करकर. आणि ती करकर बदलली होती. भरलेल्या गाडीची वेगळी असते. थांबलो, मागं गेलो, कातडं उचललं. गिरमिट, पहार, पेटी, मासे. बाकी काही नाही. घसरपट्ट्यांना चिकटलेलं हिम पायानं झाडलं आणि पुन्हा निघालो.

आणखी जड झाली.

आता मी वाकून ओढत होतो, नांगराला जुंपल्यासारखा. मग वास आला. तळ्याच्या मध्यावर, चहूकडे हिम, आणि वास कसला? तापलेल्या दगडावर पाणी ओतल्यावर येतो तो. बर्च झाडाच्या ओल्या पानांचा. शनिवारी संध्याकाळी ताउनोच्या सौनात, वाफेच्या त्या लाकडी खोलीत, आम्ही दोघं उघडे बसायचो तेव्हा येणारा तोच वास... अगदी तोच.

"कोण आहे?" मी विचारलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. इतक्या नम्रपणे मी आयुष्यात कुणाशी बोललो नव्हतो.

मी सगळा जोर लावला. गाडी एक तसूही हलेना. जणू कुणीतरी मागचा दोर धरून, टाच रोवून, शांतपणे उभं होतं. शिव्या घातल्या. त्या धुक्यात इतक्या लहान वाटल्या, की गप्प बसलो. शेवटी पट्टा काढला आणि पेटीवर टेकलो. कॉफीचा एक घोट घेतला.

तेवढ्यात पुढं आवाज झाला. मोठा नाही. ओल्या साखरेचा ढीग खचावा तसा. सुस्स... मग पाण्याचा एक गुळगुळीत घोट.

वारा सुटला नव्हता, तरी माझ्यासमोरचं धुकं तेवढंच विरळ झालं. माझी सकाळची पावलं सरळ पुढं गेली होती. दहा पावलं मी मोजली. अकरावं पाऊल अर्धंच होतं. त्यापुढं काळं पाणी होतं, आणि पाण्यावर बर्फाच्या लांब लांब काड्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. मी त्या चिंचोळ्या जागेवर पोचलो होतो. एकटा, दहा किलो मासे आणि तीस किलो सामान छातीला बांधून. चौथ्यांदा ओढून काढायला कुणी नव्हतं.

किती वेळ बसलो कोण जाणे. मग उठून कातडं पुन्हा उचललं.

मासे आणि पेटी यांच्या मधोमध एक धोंडा होता. काळा, धुरानं माखलेला, कडेला टवका उडालेला, मधून एक पांढरी शीर. त्याच्याभोवतीचं हिम वितळून फळीवर थारोळं साचलं होतं. मी हातमोजा काढून हात ठेवला.

ऊन होता. नुकत्याच भाजलेल्या पावासारखा.

मी घाबरलो का? घाबरलो. खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त काय झालं ते मला नीट लिहिता येत नाही, चार इयत्तांत ते शिकवलं नव्हतं. मी त्या दगडावर दोन्ही हात ठेवून शेकत बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ताउनो, तिन्ही वेळा मी मुद्दाम पडलो नव्हतो."

मग पहार हातात घेतली. ठक. ठक. बेटाला वळसा घालून, लांबच्या वाटेनं, सहा किलोमीटर. धोंडा वाटेत उतरवता आला असता. उतरवला नाही. त्यानं माझा एकही उतरवला नव्हता. गाडी आता ओढवत होती, फक्त एका धोंड्याइतकी जड.

अंधारायच्या आत साइमीच्या दारात पोचलो. ती बटाटे सोलत होती.

"तू घातलास हा?" मी विचारलं.

"काय?"

"दगड. गाडीत. खरं सांग, रागावणार नाही."

"काउको," ती चाकू खाली ठेवत म्हणाली, "माझा नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत. त्याच्या नावानं खेळ करायला आलास? जनाची नाही, मनाची तरी?"

"या वेळी खेळ नाही गं."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. पाद्रीबुवा अजून त्या खुर्चीवर बसत नाहीत."

मी धोंडा तिच्या हातात दिला. ती आणखी काही बोलणार होती, पण थांबली. आधी तो ऊन लागला म्हणून थांबली असावी. मग तिनं तो दिव्याखाली धरला आणि पांढऱ्या शिरेवरून अंगठा फिरवला.

"हा कुठून काढलास?"

"मी नाही काढला."

"हा पहिला आहे," ती म्हणाली. "तू पहिल्या वर्षी घातलेला. तो घरी आला आणि म्हणाला, काउकोनं सौनासाठी चांगला दगड दिलाय, तडकणार नाही असा. चुलीत सगळ्यात खाली ठेवला. पुढं दर वसंतात एकेक वर रचत गेला."

मी टोपी काढली. "म्हणजे शनिवारी..."

"एकतीस वर्षं तू तुझ्याच दगडांवर शेकत होतास. 'काय वाफ आहे, ताउनो!' म्हणायचास. तो रात्री अंथरुणात हसायचा. आवाज न करता. पलंग हलायचा."

आम्ही कंदील घेऊन मागं गेलो. ऑक्टोबरपासून सौना तापवला नव्हता. एकटीसाठी कोण तापवणार? कुलूप गंजलं होतं, तिलाच जोर लावून काढावं लागलं. आत फळ्यांवर गोठलेलं दव साचलेलं. चुलीवर दगड तसेच रचलेले, आणि त्यांच्यावर कोळ्याचं एक अखंड जाळं, कुठंही फाटलेलं नाही. साइमीनं ते हातानं बाजूला केलं आणि एकेक दगड उचलून खाली फळीवर ठेवू लागली. मी कंदील धरला होता.

अगदी तळाशी, सगळ्या दगडांच्या भाराखाली, एक जागा रिकामी होती. कोबीच्या गड्ड्याएवढी. वरचे दगड तिच्यात घसरले नव्हते. रिकामी जागा सांभाळूनच ते बसले होते.

साइमीनं पहिला दगड त्या जागेत ठेवला. बसला.

मला शांतता सोसवेना, कधीच सोसत नाही.

"बरं झालं," मी म्हणालो, आणि हसायचा प्रयत्न केला. "आयुष्यभरात त्यानं एक तरी उलटी चेष्टा केली. त्याला सांग, उपकार झाले. आता आमची बरोबरी."

साइमी माझ्याकडे बघत नव्हती. तिनं माझ्या हातातला कंदील खाली फळीवर ठेवलेल्या दगडांकडे वळवला. त्यांतल्या एकाभोवतीचं दव हळूहळू वितळून फळी काळी पडत होती.

"एकच परत केलाय त्यानं, काउको," ती म्हणाली. "तू एकतीस घातले होतेस."