तिसरा खांब

"अहो, शिडीवरच्या बाई! वर माणूस आहे, की नुसताच भुसा?"

खालून आवाज आला तसं मी घासायचं मशीन बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला, तर भुशाचा एक लोट थेट त्याच्या काळ्या कोटावर उतरला. तो शिंकला. एकदा, दोनदा, तीनदा... आणि मग हसला. हसला नसता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

"माणूस आहे," मी म्हटलं. "आणि उद्घाटनापर्यंत गोदाम बंद आहे."

"मी डुआर्त मेडेरोस. मला एकच खांब बघायचाय. माल चढवायच्या दारापासून तिसरा. माझ्या आजोबांचं नाव आहे त्यावर, पेन्सिलीनं लिहिलेलं. शेजारी एक होडी काढलीय... बदकासारखी दिसते, पण त्यांना तसं म्हणायचं नाही."

माझ्या हातातलं मशीन अजून गरम होतं. तिसरा खांब मी त्याच सकाळी घासून लख्ख केला होता.

न्यू बेडफर्ड बंदराच्या धक्क्यावरचं हे दोरखंडांचं गोदाम तीस वर्षं कुलपात होतं. नाच, गाणी, नाटक, म्हाताऱ्यांचे पत्ते असं सगळं तिथे व्हावं म्हणून वस्तीच्या समितीनं ते मागून घेतलं. मी सुतारकाम शिकलेली, म्हणून लाकूड माझ्या वाट्याला आलं. जुनं लाकूड उघडं करून चमकवायचं, की फोटोत छान दिसतं, एवढीच माझी अक्कल.

"तो... झाकून ठेवलाय," मी म्हणाले. "पॉलिश ओलं आहे."

"मग थांबेन की. मला घाई नाही. तुमचं नाव?"

"ओडेट."

"ओडेट, तुमच्या डाव्या भुवईवर सबंध एक फळी बसलीय."

तो गेल्यावर मी धावत जाऊन त्या खांबाला ताडपत्री गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी तो मलसाडा, म्हणजे गोड पोर्तुगीज वडे, घेऊन आला. आजोबांनी स्वतः तळलेले, साखरेत घोळवलेले, कागदातून तेल झिरपत असलेले. तिसऱ्या दिवशी कोट काढून फळ्या उचलायला लागला. पाचव्या दिवशी आमचं 'अहो'चं 'अगं' होऊन गेलं. बंदरावरून धुकं आत यायचं, आम्ही खिडकीत बसून बोटं चाटायचो, आणि बोलता बोलता तो मध्येच माझ्याकडे बघत राहायचा.

"काय बघतोस?"

"भुसा."

"आज मी भुशाला हातही लावलेला नाही."

"तेच तर बघतोय."

मी लाजून हसायचे. मग ताडपत्रीकडे लक्ष जायचं आणि तोंडातली साखर कडू व्हायची. तो जितका गोड वागे, तितकी माझी मला लाज वाटे. 'उद्या सांगू' म्हणत मी आठ दिवस काढले.

"गोदामातली रीत होती ती," एकदा त्यानं सांगितलं. "काम सोडून जाणारा शेवटच्या दिवशी त्या खांबावर नाव लिहायचा. आजोबांनी सगळ्यात शेवटी लिहिलं, मग दाराला कुलूप लागलं. शनिवारी उद्घाटनाला येतायत. सूट इस्त्री करून ठेवलाय त्यांनी."

शुक्रवारी मी ताडपत्री सोडली. लाकूड मधासारखं चमकत होतं आणि त्यावर काही म्हणजे काहीही नव्हतं.

"तू यायच्या आधीच मी ते घासलं होतं," मी म्हटलं. "आणि डुआर्त... मी वाचलं होतं. नाव वाचलं, होडी पाहिली. कुणाचा तरी पोरखेळ, असं वाटलं आणि मशीन दाबलं. चुकून नाही झालं ते."

तो खांबाकडे बघत राहिला.

"आठ दिवस माझ्या आजोबांचे मलसाडा खाल्लेस तू."

एवढंच बोलला आणि निघून गेला. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी जाऊन मी समितीला राजीनामा लिहिला.

शनिवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधीच, एर्मेलिंदो आजोबा डुआर्तच्या हाताला धरून आले. करडा सूट, हातात टोपी. नातवानं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. ते माझ्यावरच सोडलं होतं. आजोबांनी खांबावरून तळवा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर.

"आजोबा, मी पुसलं," मी म्हणाले. मान वर होत नव्हती. "वाचून पुसलं. ही पेन्सिल... पुन्हा लिहाल का?"

"वाईट वाटलं गं पोरी. खोटं कशाला सांगू?" त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले. "पण दोनदा कसं लिहिणार? जाणारा एकदाच लिहितो. मी तर केव्हाच गेलोय इथून."

"मग मी लिहिते," माझ्या तोंडून निघालं. "मी आज काम सोडतेय."

डुआर्तनं झटकन मान वळवली. आजोबांनी मला नीट न्याहाळलं आणि बाजूला सरकले.

"रीत रीतच असते. लिही."

मी पेन्सिल टेकवली. नावाच्या पहिल्या अक्षराची जेमतेम अर्धी रेघ उमटली असेल... आणि माझ्या हातावर एक हात आला.

"नको लिहूस," डुआर्त म्हणाला.

"का?"

"अजून राग आहे माझा. बराच आहे. पण तो काढायला तू इथे असायला हवीस ना?"

"नुसतं रागावण्यासाठी थांबू?"

"नाही..." तो लालबुंद झाला. "रोज बघण्यासाठी."

"देवा रे!" आजोबा टोपीनं वारा घेत म्हणाले. "आवडते म्हण की सरळ! मला होडी काढायला एवढा वेळ लागला नव्हता."

"बदक," डुआर्त पुटपुटला.

"होडी!" आजोबा आणि मी एकदमच ओरडलो. हसता हसता मला रडू फुटलं. त्यानं पेन्सिल माझ्या बोटांतून हळूच काढून घेतली, हात मात्र सोडला नाही.

ती अर्धी रेघ अजून तिसऱ्या खांबावर आहे. येणारे-जाणारे म्हणतात, डाग पडलाय, घासून टाका. मी त्यांना बसवते आणि एका होडीची गोष्ट सांगते, माझा भाग न वगळता.