रायबागे स्टोअर्सचं पायमशीन

हे मी स्वतः मोजलंय. म्हणून लिहितेय.

ऐकीव असतं तर लिहिलं नसतं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. एकच गोष्ट पाच वेळा मोजायची आणि सरासरी काढायची, ही सवय अजून सुटलेली नाही. दुकानाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत. आकडे मात्र खरे आहेत.

जागा कोल्हापूर, कळंबा रोडवरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवस बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही रोज दुपारी तीनला घडायची...

अस्मिताताई माझी मावसबहीण. राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी सातला जाते, अडीचला घरी येते. नवरा विश्वजित फाउंड्रीत शिफ्टला. मुलगी इरावती, तिसरीत. तिला सगळे इरा म्हणतात.

ताईची आई, म्हणजे माझी मावशी, दोन वर्षांपूर्वी गेली. ताई रडली नाही. तेराव्याचं जेवण उरकलं आणि संध्याकाळी ती कुठूनतरी एक जुनं शिलाई मशीन घेऊन आली. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. मग दुसरं आणलं. मग तिसरं. दोन वर्षांत अकरा झाली. ती रोज एकेक पुसायची, तेल द्यायची, नंबर वहीत लिहायची. शिवायची मात्र कधीच नाही. शर्टाचं बटण लावायलाही तिला इस्त्रीवाल्याची बायको लागायची.

"घरात अकरा मशीन आणि माझ्या पँटची शिवण उसवलेली," विश्वजितभावजी म्हणायचे. ताई ऐकून घ्यायची. हसायची नाही, चिडायचीही नाही. मावशी गेल्यापासून ती तशीच होती. सगळं करायची, पण तिथं असायची नाही.

सप्टेंबरात तिला कळलं की रायबागे स्टोअर्सची इमारत रिकामी करताहेत.

लक्ष्मीपुरीतलं ते तीन मजली दुकान मी जेमतेम पाहिलं. ताईला मात्र सगळं पाठ होतं. खाली काचेच्या कपाटांत रिबिनी, पेनं, चंदनाचे साबण. मधल्या मजल्यावर साड्या. वर शाळेचे गणवेश. जूनमध्ये जिन्यापर्यंत रांग लागायची. फ्रॉक विकत घेतला की तिथंच पोरीला लाकडी स्टुलावर उभं करायचे आणि शिलाईवाल्या अंबूबाई तोंडात टाचण्या धरून घेराला दुमड घालायच्या. चांगली चार बोटं, म्हणजे पोर वाढेल तशी तीन वर्षं सोडत जाता येईल. मावशी ताईला दर जूनला तिथं न्यायची. नंतर खाली येऊन दोघी आरशासमोर उभ्या राहायच्या. ताईनं मला हे सांगितलं तेव्हाही तिचा आवाज हलला नव्हता.

दुकानाच्या किल्ल्या आकाराममामांकडे होत्या. चाळीस वर्षं तिथल्या वरच्या मजल्याचे मुकादम. आता उचगावला मुलाकडे राहतात. त्यांनी ताईला वर नेलं. रॅक रिकामे, काचा फुटलेल्या. कोपऱ्यात एक पायमशीन. कंपनीची अक्षरं हातांनी घासून घासून पुसून गेलेली.

सुईजवळच्या लोखंडी पायाखाली पांढऱ्या कापडाचा तुकडा दाबलेला होता.

त्यात नवल नव्हतं. काम संपलं की पायाखाली चिंधी ठेवायची, खालचे दाते झिजत नाहीत. सगळेच शिंपी ठेवतात.

पण मामा म्हणाले, "त्ये कापड काढू नगा, ताई. काढलंच, तर दुसरं कोरंच घाला. कुणाच्या अंगावरचं नगं."

ताई वाकून नंबर वाचत होती. तिनं ऐकलं आणि "बरं" म्हटलं. तो नंबर आजही तिच्या वहीत आहे. मामांचं वाक्य तिनं लिहून घेतलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी तिनं बाराही मशीनं पुसली. नव्या मशीनचं पांढरं कापड तेलानं चिकट झालं होतं. तिनं ते टाकलं. दुसरी चिंधी शोधली. इराचा दुसरीतला गणवेश पुसायच्या फडक्यांत पडला होता. तिनं त्याची एक पट्टी कापली. पायाखाली ठेवली. पाय खाली टाकला.

हळद-कुंकू वाहिलं. झेंडूचं फूल ठेवलं.

हात जोडले.

शुक्रवारी शाळा सुरू झाली.

सोमवारी सकाळी इराला फ्रॉक घालताना ताईच्या हाताला घेर जाड लागला. तिनं उलटून पाहिलं.

एक बोट दुमड होती...

ताईनं आठवून पाहिलं. फ्रॉक जूनमध्येच पूर्ण सोडलेला. आत घालायला कुणी हात लावला नव्हता. शिवण बारीक, सरळ, गडद निळ्या दोऱ्याची. असा दोरा घरात नव्हता. इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, वैनी, मी इस्त्री करतोय, शिवत न्हाय. ताईनं बसून दुमड उसवली. दोऱ्याचे तुकडे एका डबीत ठेवले, लॅबमध्ये नमुने ठेवतात तसे.

मंगळवारी संध्याकाळी इरा शाळेतून आली.

दुमड परत होती.

आधीपेक्षा थोडी जास्त.

सकाळी घालताना नव्हती. म्हणजे फ्रॉक इराच्या अंगावर असतानाच...

ताई मशीनपाशी गेली. त्याचा चामडी पट्टा तिनं आणल्या दिवशीच काढून ठेवला होता. पट्ट्याशिवाय चाक फिरत नाही. बॉबिन रिकामी होती. सुईत दोरा नव्हता. हे मशीन एक टाकाही घालू शकत नव्हतं.

बुधवारी ती अडीचला घरी आली आणि त्या खोलीत खुर्ची टाकून बसली.

तीन वाजायला दोन मिनिटं होती. खाली रिक्षा, शेजारी कुकर, डोक्यावर पंखा.

तीन वाजले.

आवाज थांबले...

पंखा फिरत होता, ताईला दिसत होता. पण त्याचा आवाज नव्हता. रस्त्याचा नव्हता. तिच्या स्वतःच्या श्वासाचाही नव्हता.

मशीन हललं नाही. चाक फिरलं नाही.

फक्त एक आवाज होता. अगदी जवळ. स्टीलच्या वाटीत टाचणी टाकल्यासारखा.

टिक...

बराच वेळ काही नाही.

टिक...

सहा मिनिटांनी कुकरची शिट्टी ऐकू आली. ताई उठली आणि तिनं चहा ठेवला. भीती वाटली का, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, वाटायला हवी होती.

भीती दुसऱ्या दिवशी वाटली. इराच्या बाईंचा फोन आला. त्यांनी अगदी मायेनं विचारलं की घरी काही झालंय का. इरा रोज दुपारी तीनच्या सुमारास बाकावरून उठते. हात बाजूला, हनुवटी वर, ताठ उभी राहते. पाच-सात मिनिटं हलत नाही. हाक मारली तरी बघत नाही. मग आपोआप खाली बसते.

ताईनं इराला जवळ घेऊन विचारलं.

"आजी सांगते, ताठ हुबी ऱ्हा," इरा म्हणाली. "हललं की टोचतं."

आमच्या घरात कुणी 'हुबी' म्हणत नाही. इराची आजी तर दोन वर्षांपूर्वीच गेली होती, आणि तीही असं बोलत नसे.

त्या रात्री ताईच्या एक साधी गोष्ट लक्षात आली. दुमड वाढत वाढत फ्रॉक तीन बोटं आखूड झाला होता. तो गुडघ्याच्या वर जायला हवा होता.

तो गुडघ्याखालीच येत होता. नेहमीइतका.

रविवारी, १२ तारखेला, तिनं मला बोलावलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर इराच्या दर वाढदिवसाच्या खुणा आहेत. ऑगस्टमधली खूण १२८.४ सेंटिमीटर. मी इराला अनवाणी उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि पाच वेळा मोजलं.

१२६.९.

मी ताईला समजावलं की उंची दिवसभरात थोडी कमी होते. मणके दबतात. सकाळी मोजू. सकाळी मोजली. १२६.९. मग म्हटलं, जुनी खूण चुकली असेल. ताईनं शाळेचं आरोग्य कार्ड पुढं ठेवलं. त्यावरही १२८ होतं. डॉक्टरांनी तपासलं, वजन ठीक म्हणाले, नोंदीत गडबड असेल म्हणाले. ताईनं लेकीचं रक्त स्वतः तपासलं. सगळं नॉर्मल.

१९ तारखेला १२६.०.

तिचे बूट सैल झाले होते. दिवाळीला आणलेल्या परकराची नाडी दोनदा गुंडाळावी लागली. इराला मात्र काही कळत नव्हतं. ती किल्ल्यावर मावळे मांडत होती.

ताईनं मशीनच्या पायाखालची निळी पट्टी काढून कोरं कापड घातलं. फरक पडला नाही. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच इराला शाळेत पाठवणं थांबवलं. ती घरीच तीनला उठून उभी राहिली, हॉलच्या मधोमध, आमच्यासमोर. अंगातल्या घरच्या फ्रॉकच्या घेराजवळ कापड आपोआप आत वळत होतं. हळूहळू. सारख्या अंतरानं. मी ते पाहिलंय आणि मला ते समजावून सांगता येत नाही.

ताईनं धावत जाऊन तिला उचलायला पाहिलं.

आठ वर्षांची पोर जमिनीवरून हलली नाही.

भाऊबीज झाली आणि शनिवारी आम्ही दोघी उचगावला गेलो. आकाराममामा ओसरीवर बसले होते. ताईनं सगळं क्रमानं सांगितलं.

"अंगावरचं कापड घातलासा व्हय?"

ताईनं मान डोलावली.

मग त्यांनी सांगितलं. अंबूबाईला एकच पोरगी. शोकेसमधल्या बाहुलीला जो गणवेश घालायचे, तो त्या पोरीच्या मापावर बेतायचे. पहिलीत असताना तापानं गेली. अंबूबाई पाचव्या दिवशी कामावर हजर झाल्या. रडल्या नाहीत. फक्त रोज जेवणं उरकली की तीनला बसायच्या आणि गिऱ्हाइकाचा जो फ्रॉक हातात येईल तो त्याच मापावर आणायच्या. मालकांनी तक्रारी मिटवल्या, बाईंना काढलं नाही. त्या गेल्यावर मशीन पेठ वडगावच्या एका शिंप्याला दिलं होतं. आठ दिवसांत त्यानं परत आणून टाकलं. का, ते सांगितलं नाही. तेव्हापासून कोरं कापड. कोऱ्या कापडाला कुणाचं माप नसतं.

"केवढी होती ती?" ताईनं विचारलं.

मामांनी बसल्या जागेवरून ओसरीच्या खांबाशी हात धरला. ताई उठली, पर्समधून टेप काढला आणि तिथवर लावला.

एकशे बारा.

"थांबवायचं कसं, मामा?"

"न्हाय ठावं." ते खाली बघत होते. "हातातलं काम कधी अर्धं टाकायची न्हाय. पर मधीच दुसरं अंगावरचं कापड पुढ्यात आलं, की आधीचं बाजूला सारायची. येवढंच बघितलंय म्या." मग म्हणाले, "पर दुसरं कुणाचं घालणार, बाई?"

ताईनं टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला. परतीच्या रिक्षात ती एवढंच म्हणाली की यातलं विश्वजितला काही सांगायचं नाही.

पावणेतीन वाजले होते. घरी आल्या आल्या तिनं चप्पलही काढली नाही. कात्री घेतली. अंगावरच्या कुर्त्याचा खालचा काठ धरला आणि एक पट्टी कापली.

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, जोर न लावता.

पट्टी पायाखाली ठेवली. पाय खाली टाकला. हळद-कुंकू लावलं.

तीन वाजले.

इरा हॉलमध्ये टीव्ही बघत होती. ती उठली नाही.

ताई उठली...

हात बाजूला. हनुवटी वर. कापलेला काठ आत वळायला लागला. मी तिला हाक मारली. तोंड उघडलं, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

सहा मिनिटांनी ती वाकून चप्पल काढायला लागली.

याला आता तीन महिने होतील. इरा १२५.१ वर थांबली. डिसेंबरात १२५.८. परवा १२६.३. वाढतेय. बूट पुन्हा घट्ट व्हायला लागलेत. शाळेतून फोन येत नाही. विश्वजितभावजी म्हणतात, अस्मिता हल्ली फारच नीटनेटकी दिसते, सगळे कपडे अगदी मापात.

ताईनं मला दर महिन्याला इराची उंची घ्यायला बोलावलंय. स्वतःची घेऊ देत नव्हती. परवा मी हट्टानं घेतली. ऑक्टोबरात तिची तिनंच मोजली होती, १५७.३.

१५६.१.

मोठ्या माणसाचं हळू जातं, ती म्हणाली. मी म्हटलं, ताई, मशीन जाळू, नदीत टाकू, कुणालातरी विचारू. ती डाळ निवडत होती. म्हणाली की त्यात काही चुकलं तर बाजूला ठेवलेलं पुन्हा हातात येईल. तो प्रयोग तिला करायचा नाही.

मग तिनं मशीनच्या नंबरांची वही उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आकडेमोड होती. महिन्याला चार मिलिमीटर. एकशे बारापर्यंत चव्वेचाळीस सेंटिमीटर एक मिलिमीटर. म्हणजे एकशे दहा महिने. नऊ वर्षं आणि वर थोडे.

"तोवर इरा अठराच्या घरात जाईल," ती म्हणाली. "माझ्याविना चालेल एवढी मोठी होईल. बघ, हिशेब चुकला नाही ना?"

मी वही घेतली. पाच वेळा तपासलं.

हिशेब बरोबर आहे.