सात नंबरचा सेल जगला कसा

"दोन हात रिकामे आहेत का?"

बॅटरीच्या प्रयोगशाळेत पंप दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दारातच असं कुणी विचारतं होय? पण विचारणाऱ्या संशोधिकेची जोडीदारीण तापानं आडवी झाली होती, आणि काचेच्या बंद पेटीला पलीकडून लावलेले रबरी हातमोजे नुसते लोंबत होते. त्याने बाह्या दुमडल्या आणि हात आत घातले. पंप राहिला बाजूला!

तो लिथियमच्या चकतीवर लेप द्यायचा, केसाहून हजारपट बारीक तंतूंचा. मग ती चकती बॅटरीच्या सेलमध्ये बंद करायचं काम तिचं. चार्ज करताना या धातूवर काटे उगवतात आणि सेलला आतूनच भोसकतात. ते काटे लेपाने अडवायचे, हा तिचा तीन वर्षांचा ध्यास. मधे काच... पलीकडे ती. कपाळावर बट यायची, हात अडकलेले, मग ती हलकेच वर फुंकर मारायची. त्याला वाटायचं, ही दुपार संपूच नये.

दहा सेल झाले. त्यानंतर मात्र पंपाला त्याचा फारच लळा लागला.

"तेल बघायला आलो."

"कालच बघितलंत ना?"

"आज बघितलं तर पंप रागावेल का?"

"पंप नाही रागावणार," ती हसू दाबत म्हणाली.

दोन महिन्यांत नऊ सेल मेले. सात नंबरचा मात्र पाचशे वेळा चार्ज होऊनही ठणठणीत! ती नाचायचीच बाकी होती, पण प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "एकच जगला म्हणजे नशीब. का जगला ते सोमवारपर्यंत सांग, नाहीतर हे काम बंद." तिने वही दहादा चाळली. दहाही सेल सारखेच! शुक्रवारी तो आला, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

ते त्याला बघवेना.

"सात नंबर... माझ्यामुळे," तो म्हणाला. कान लालबुंद. "त्याला लेप दोनदा बसला. पहिला दिला, सुकला, आणि मी विसरूनच गेलो... परत दिला."

"दोनदा! आणि दोन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं – लक्ष कुठे होतं."

"मग? कुठे होतं?"

त्याने स्वतःच्याच कपाळावर हलकेच फुंकर मारली.

तिला सगळं कळलं. रागवायचं होतं, ते राहूनच गेलं.

"तुम्ही मला फार आवडता," तो खाली बघत म्हणाला. "आता हाकलून द्या हवं तर."

सोमवारी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "आणि दुसरा लेप कसा काय दिला गेला?"

"मदतीला होते त्यांचं... लक्ष नव्हतं."

मॅडमनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग दारात घुटमळणाऱ्या त्याच्याकडे. "दहाच्या दहा सेल पुन्हा बनवा. दोन-दोन लेप देऊन. आणि मदतनीस बदलू नका."

दुपारी दोघं पुन्हा पेटीपाशी उभे राहिले. पहिल्या चकतीवर दुसरा लेप बसला, पांढरा, तलम. तेवढ्यात तिच्या कपाळावर बट आली.

तिने फुंकर मारली नाही.

"अरे, बघतोस काय नुसता?" ती म्हणाली. "ये ना इकडे."

त्याने हात बाहेर काढले आणि पेटीला वळसा घालून तो तिच्या बाजूला आला.