अबीरचं पहिलं पाणी

पाणी चांगलं होतं, मग दीड वर्षाच्या अबीरच्या रक्तात शिसं (मेंदूच्या वाढीला घातक असा जड धातू) आलं कुठून? या कोड्यापायी डॉक्टरांनी त्याला घराबाहेर ठेवायला सांगितलं होतं. दोन महिने तो गडहिंग्लजला आत्याकडे होता. मिरजेच्या घरात शाल्मलीला करमत म्हणून नव्हतं. भावाची इतकी आठवण येईल, असं तिला आधी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. काल तर फोनच्या पडद्यावर तो आत्यालाच ‘आई’ म्हणाला, आणि आई भाजी करपेपर्यंत नुसती उभी राहिली.

पाणी तपासणारा यंत्रमानव निवळ त्या दुपारी तिसऱ्यांदा आला. “अब्ज भागांत एक भाग शिसं,” तो म्हणाला. “दहाच्या आत चालतं. नमुना (तपासणीसाठी घेतलेलं थोडं पाणी) कसा घेतला?”

“नीट घेतला हो!” आई म्हणाली. “कळशी घासली, पाच मिनिटं नळ सोडला, मग भरलं. तपासायला शिळं पाणी द्यायचं का?”

शाल्मली चमकली. “पण आई, अबीरचं पाणी तू पहाटे भरायचीस. सगळ्यांच्या आधी, नळ सोडल्या सोडल्या!”

“मग? बाळाचं पाणी पहिलं. कुणाचा हात लागायच्या आत. उकळूनच द्यायचे मी.”

निवळचा हिरवा दिवा पिवळा झाला. “उद्या सहाला येतो. तोवर नळाला हात लावू नका.”

सकाळच्या पहिल्या पेल्याचा आकडा आला अडतीस.

“भिंतीतल्या जुन्या नळीच्या जोडाला शिशाचा डाख (जोड पक्का करायला वितळवून लावलेला धातू) आहे,” निवळने समजावलं. “रात्रभर पाणी तिथे थांबतं. जितकं थांबेल तितकं शिसं त्यात उतरतं. नळ सोडून ठेवला, की ते पाणी वाहून जातं आणि मागचं ताजं येतं. आपण तेच तपासत होतो.”

“आणि उकळल्यावर?” शाल्मलीने विचारलं.

“जंतू मरतात. शिसं तिथेच राहतं. वाफ गेली, की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं.”

आईने पुढ्यातला पेला दूर सारला. “म्हणजे मीच पाजलं गं त्याला!”

“तू त्याला सगळ्यात चांगलं द्यायला गेलीस,” शाल्मली तिला बिलगत म्हणाली. “आणि निवळ, आता गल्लीतल्या सगळ्यांचं पाणी सकाळीच तपासशील ना?”

“उद्यापासून,” निवळ म्हणाला.

नळी बदलली. सलग तीन सकाळी पहिल्या पेल्यातही एकच भाग शिसं निघालं. अबीरच्या रक्तातलं शिसंही उतरू लागलं होतं. “रविवारी घेऊन या,” डॉक्टर म्हणाले.

आईने त्याच्या झबल्यांना इस्त्री केली. एक झबलं छातीशी धरून शाल्मलीने विचारलं, “आई, तो आपल्याला ओळखेल ना गं?”

आईने डोळे पुसले. “नाही ओळखलं, तर पहिल्यापासून ओळख करून घेऊ.”